सुंदर सार्वजनिक जागी शूटिंग: भाडं घ्यावं का, आणि घेतलं तर कशाचं?

रिकामी_होडी

मागच्या महिन्यात एका तलावाकाठी सूर्योदय बघायला गेलो होतो. पहाटे साडेपाचला वाटेवर दोरी बांधलेली आणि दोरीपाशी वॉकी-टॉकी घेतलेला एक पोरगा. "काका, शूटिंग चालू आहे, तासाभराने या." तासाभराने सूर्य पुन्हा उगवणार आहे का, असं अगदी तोंडावर आलं होतं, पण पोरगा रात्रभर जागा दिसत होता, म्हणून गप्प बसलो. तासाचे चार तास झाले. परत निघताना तिथल्या रखवालदाराला विचारलं, यांनी किती भरले? तो म्हणाला, "भरले असतील काहीतरी. कागद साहेबांकडे असतो."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. लग्नाला हॉल घेतला तर भाडं, प्रदर्शनाला मैदान घेतलं तर भाडं. मग डोंगर, तलाव, किनारा, जंगलातली वाट वापरून कुणी चित्रपट किंवा गाडीची जाहिरात काढत असेल तर भाडं का नको? आणि नाममात्र नको, सणसणीत हवं. त्या दृश्यात नट जेवढं काम करतो तेवढंच डोंगरही करतो. नटाला मानधन आणि डोंगराला पावती!

या धंद्यातलं कुणी इथे असेल तर जरूर लिहा. शिव्या खायची तयारी आहे.

शेवटचा_बाक

+१. "डोंगराला पावती" आवडलं. एकच शंका: सणसणीत घेतलेले पैसे डोंगरापर्यंत पोचतात, की डोंगराच्या नावाने साहेबांच्या केबिनला नवा एसी बसतो?

कट_टू

शिव्या नाही देत. चौदा वर्षं लोकेशनचं काम करतोय. तुमची ती दोरी माझ्यासारख्याच कुणीतरी बांधायला सांगितली असणार. "तासाभराने या" हे आम्ही सगळेच सांगतो आणि ते खोटं असतं हे आम्हालाही माहीत असतं. खरं उत्तर दिग्दर्शकालाही ठाऊक नसतं.

भाड्याबद्दल सांगतो, कारण इथे बाहेरच्यांचा हमखास गैरसमज असतो. मोठ्या युनिटच्या दिवसाच्या खर्चात जागेचं भाडं म्हणजे चिल्लर. शे-दीडशे माणसं, त्यांचं जेवण, मुक्काम, जनरेटरची गाडी, व्हॅनिटी, क्रेन, लाइट, कलाकारांच्या तारखा. हे सगळं उभं असताना भाडं दुप्पट केलंत तरी निर्माता कुरकुरेल आणि भरेल. आम्ही जागा सोडतो ती भाड्यामुळे नाही, परवानगीमुळे. जमीन एकाची, झाडं दुसऱ्याची, पाणी तिसऱ्याचं, रस्ता चौथ्याचा आणि बंदोबस्त पाचव्याचा. चार पत्रं हातात आलेली असतात आणि पाचवा शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी "बघतो" म्हणतो. त्या "बघतो"ला काय काय द्यावं लागतं ते इथे लिहीत नाही.

न्यूयॉर्कने १९६६ साली नेमक्या याच कारणासाठी महापौरांच्या हाताखाली स्वतंत्र चित्रपट कार्यालय काढलं. एक खिडकी, एक परवाना. २०१० पर्यंत तो परवाना फुकट होता, मग अर्जाचे ३०० डॉलर लावले. त्या पैशांसाठी कुणी शहर सोडून गेलं नाही. लेखी उत्तर ठरल्या दिवशी मिळणार असेल तर सणसणीत भाडं द्यायला आम्ही एका पायावर तयार आहोत.

खिडकीतलं_ऊन

काका लोकहो, जरा थांबा. "आम्ही" म्हणजे कोण? मी लघुपट करते. माझं युनिट म्हणजे मी, कॅमेऱ्यावर एक मैत्रीण आणि उजेड वळवायला थर्माकोल धरणारा तिचा भाऊ. त्यालाही दुपारी क्लास असतो. मोठ्या बॅनरला जो दर तोच मला लावलात तर माझा सिनेमा माझ्या गच्चीवरच होणार. गेल्या वर्षी एका टेकडीवर ट्रायपॉड उघडला तर रक्षक धावत आला. शेजारीच एक जण मोबाइलवर तेवढाच वेळ, तेवढंच दृश्य टिपत होता, त्याला कुणी हटकलं नाही. म्हणजे गुन्हा चित्रीकरणाचा नव्हता, तीन पायांचा होता.

कलम_क्रमांक

ताईंचा मुद्दा अमेरिकेत थेट कोर्टात गेला होता. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांना २००० सालापर्यंत चित्रीकरणाचं भाडं घेताच येत नव्हतं, फार तर झालेला खर्च वसूल करता येई. २००० साली कायदा झाला आणि व्यावसायिक चित्रीकरणाला परवाना आणि भाडं सक्तीचं झालं. भाडं ठरवायचे निकष होते दिवस किती, माणसं किती, सामान काय आणि किती. उद्यानांच्या दरपत्रकात एक-दोन माणसं आणि फक्त कॅमेरा-ट्रायपॉड असेल तर भाडं शून्य, दहा माणसांपर्यंत दिवसाला १५० डॉलर, पुढे पायऱ्या चढत पन्नासहून जास्त माणसं असतील तर ७५० डॉलर. भाडं शून्य असलं तरी परवाना काढावा लागायचाच, हे मात्र लक्षात ठेवा.

मग एका स्वतंत्र चित्रपटकाराने परवान्याशिवाय व्हर्जिनियातल्या एका उद्यानात थोडं चित्रीकरण केलं, त्याच्यावर कारवाई झाली आणि तो कोर्टात गेला. म्हणणं असं: चित्रपट काढणं हा अभिव्यक्तीचा भाग आहे, सार्वजनिक जागेत त्यावर कर कसला? जानेवारी २०२१ मध्ये खालच्या कोर्टाने त्याची बाजू उचलली. ऑगस्ट २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. शेवटी तोडगा कोर्टाबाहेर निघाला. जानेवारी २०२५ मध्ये नवा कायदा आला. सहापेक्षा कमी माणसं, हातात उचलून नेता येईल एवढंच सामान, इतरांना अडथळा नाही, जागेला इजा नाही, तर परवाना नाही आणि भाडंही नाही. धंद्यासाठी असो की हौसेसाठी.

मला यातली एक गोष्ट पटते. कॅमेरा कशासाठी आहे हे विचारणं त्यांनी सोडलं आणि जागेवर भार किती पडतो हे विचारायला लागले.

रिकामी_होडी

ताई, तुमचं पटलं. लहान युनिटला सूट हवी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पण ७५० डॉलर? पन्नासहून जास्त माणसांना, अख्ख्या दिवसाला, आणि तेही जगातल्या सर्वांत देखण्या दऱ्यांमध्ये? कट_टू, तुमच्याच हिशेबाने हे युनिटच्या एका वेळच्या चहापाण्यात जाईल.

कट_टू

चहापाण्यात नाही, पण जेवणात नक्की.

हिशेबनीस

भाडं मागणाऱ्यांनी बाजार बघावा. जगभर सरकारं उलट पैसे देऊन चित्रपटांना बोलावतायत. अमेरिकेतलं जॉर्जिया राज्य २००८ पासून तिथे केलेल्या खर्चाच्या २० टक्के करसवलत देतं आणि शेवटच्या श्रेयनामावलीत राज्याचं बोधचिन्ह दाखवलं तर आणखी १० टक्के. न्यूझीलंडमध्ये २०१० साली 'हॉबिट'चं चित्रीकरण देशाबाहेर जाईल अशी हवा उठली, तर सरकारने सवलत वाढवली आणि चित्रपट कामगारांचा कायदासुद्धा बदलला. तुम्ही दरवाज्यावर पावतीपुस्तक घेऊन बसाल, पाहुणा शेजारच्या दारात जाईल. शिवाय हॉटेलं, गाड्या, रोजगार आणि फुकटची जाहिरात! पर्यटक येतात ते वेगळेच. भाडं हा तोट्याचा सौदा आहे.

पाणकावळा

>>> फुकटची जाहिरात

या दोन शब्दांवर मी वर्षभर लिहू शकतो. पक्षी दाखवायला लोकांना घेऊन जातो, तेच माझं काम. त्यामुळे माझी बाजू उघड आहे.

थायलंडची माया बे घ्या. १९९९ साली तिथे 'द बीच'चं चित्रीकरण झालं. परवानगी सरकारी वनखात्याची. किनारा पडद्यावर जसा 'हवा' होता तसा नव्हता, म्हणून वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, तिथली मूळची झुडपं काढली आणि नारळाची झाडं आणून लावली. वाळू धरून ठेवणारी झुडपंच गेल्यावर किनारा खचणारच. स्थानिक मंडळी त्याच वर्षी कोर्टात गेली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कधी लागला? २०२२ मध्ये. तेवीस वर्षांनी. वनखात्याला जागा सुधारायला लावलं आणि निर्मिती कंपनीने समझोत्यात १ कोटी बाट द्यायचं कबूल केलं.

आता जाहिरातीकडे या. चित्रपट गाजला. एवढुशा किनाऱ्यावर दिवसाला पाच-पाच हजार माणसं आणि होड्यांचे नांगर, खाली प्रवाळ. २०१८ मध्ये किनारा बंदच करावा लागला. जानेवारी २०२२ मध्ये उघडला तो माणसांची संख्या बांधून आणि होड्यांना खाडीत मज्जाव करून. हिशेबनीस, ही जाहिरात कुणाला फुकट पडली?

हिशेबनीस

एका टोकाच्या उदाहरणावरून धोरण ठरत नाही.

पाणकावळा

बरं, मग सौम्य उदाहरण घ्या. स्वित्झर्लंडमधलं इझेल्टवाल्ड, तळ्याकाठचं चिमुकलं गाव. एका कोरियन मालिकेत नायक तिथल्या लाकडी धक्क्यावर बसून पियानो वाजवतो. मालिका २०१९ ची. मग बसगाड्या भरभरून माणसं त्या धक्क्यावर फोटो काढायला. २०२३ मध्ये गावाने धक्क्याच्या तोंडाशी फिरतं फाटक बसवलं, ५ फ्रँक टाका आणि आत जा. तिथे कुणी वाळू उपसली नव्हती की झाड तोडलं नव्हतं. चित्रीकरण अगदी सोज्वळ. तरीही खरा भार मालिका संपल्यावर आला आणि त्याचं भाडं पर्यटकांकडून वसूल करावं लागतंय. चित्रीकरणाच्या दिवशीच्या पावतीत हा खर्च बसवणार कसा?

आणि "शेजारच्या दारात जाईल" हे स्टुडिओला लागू. गोदामाला पर्याय असतो. आयर्लंडजवळच्या स्केलिग मायकल बेटाला पर्याय होता का? जुना मठ, दगडी पायऱ्या, समुद्रपक्ष्यांची वीण, १९९६ पासून जागतिक वारसा. 'स्टार वॉर्स'वाले २०१४-१५ मध्ये तिथेच गेले, कारण त्यांना तेच बेट हवं होतं. पक्ष्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी हरकत घेतली, चित्रीकरण झालंच. एरवी तिथे दिवसाला जेमतेम १८० प्रवासी सोडतात.

माझ्या बाजूने एवढंच, की काही जागांना दर लावूच नये. दर लावला की जागा विकाऊ झाली. विणीच्या दोन-तीन महिन्यांत किती पैसे दिले म्हणजे स्मोक मशिन चालतं, याला उत्तर नाही. घरटं सोडून उडालेली मादी पावती बघून परत येत नाही.

बोलका_पोपट

एवढं काय हो, चार दिवसांचं शूटिंग. तुमची ती मादी डीजेलाही उडते, फटाक्यांनाही उडते. राग फक्त सिनेमावाल्यांवर?

पाणकावळा

डीजेवरचा धागा वेगळा आहे, तिथेही मीच भांडतोय. या कधीतरी.

शेवटचा_बाक

अवांतर: ट्युनिशियाच्या वाळवंटात 'स्टार वॉर्स'चे सेट तसेच सोडून गेले आणि आता लोक तेच बघायला जातात. मग मागे सोडलेला सेट हा कचरा की ठेवा? सरकत्या वाळूची टेकडी त्या सेटवर चाल करून आली होती म्हणे. निसर्गाने स्वतःच पॅकअप घ्यायचं ठरवलं असावं.

कट_टू

दोन दिवस विचार करून लिहितोय. पाणकावळा, तुमच्या प्रतिसादानंतर झोप नीट लागली नाही. एक कबुली देतो.

भाडं आणि अनामत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि या धाग्यात सगळे भाड्यावरच भांडतायत. भाडं म्हणजे वापरल्याचे पैसे. ते गेले ते गेले. अनामत म्हणजे जागा होती तशी परत दिली नाही तर कापायचे पैसे. चौदा वर्षांत सार्वजनिक जागेवर माझी अनामत एकदाही कापली गेलेली नाही. याचा अर्थ आम्ही काही नासवलं नाही असा नाही.

एकदा एका माळावर तीन दिवस होतो. दुसऱ्या रात्री पाऊस आला. क्रेनची गाडी बाहेर काढताना चाकं रुतली, मग खाली फळ्या टाकल्या, त्याही रुतल्या. सकाळी बघतो तर गवतात गुडघाभर चर. आर्टवाल्यांनी वर माती लोटली, हिरवा भुसा मारला. कॅमेऱ्यात झकास दिसलं. आमच्या धंद्यात ते पुरतं. अनामत सोडवायला गेलो तर साहेब म्हणाले, "जागा पूर्ववत करून दिली असं पत्र आणा." पत्र कुणी लिहायचं? मीच. मीच टाइप केलं, त्यांनी शिक्का मारला, पैसे परत. माळावर कुणी गेलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर दुसऱ्या कामासाठी तिथून गेलो तेव्हा त्या चरांत पाणी साचून कडेची माती ढासळत होती. मी गाडी थांबवली नाही.

आता याच्या उलट. एका खाजगी जुन्या वाड्यात शूटिंग होतं. मालकीणबाई म्हणजे सत्तरीच्या पुढच्या आजी. आम्ही येण्याआधी त्यांनी नातवाला घेऊन प्रत्येक खोलीचे फोटो काढले. पॅकअप झालं रात्री दोनला. आजी टॉर्च घेऊन उभ्या. पायरी न पायरी बघितली. चौथ्या पायरीचा टवका उडाला होता, माझ्याही लक्षात आला नव्हता. "हा काल नव्हता," म्हणाल्या आणि फोटो पुढे केला. अनामतीतून कापले. तेव्हा मी वैतागलो होतो. पण त्या वाड्यात नंतर पाचदा शूटिंग झालंय आणि दरवेळी आमची माणसं पायऱ्यांवर आधी गाद्या टाकतात. सांगावं लागत नाही.

भाडं दोन्ही ठिकाणी भरलं होतं. माळाचं तर जास्तच होतं.

खिडकीतलं_ऊन

म्हणजे तलावाला आजी हवी.

रिकामी_होडी

मी "सणसणीत भाडं" म्हणत बसलो होतो आणि प्रश्न भलताच निघाला. साहेबांनी दुप्पट भाडं घेतलं असतं तरी त्या माळाला चर पडलेच असते. उलट दुप्पट दिल्यावर युनिटवाल्याला वाटलं असतं की आता काहीही केलं तरी चालतं.

हिशेबनीस

मी अजूनही म्हणतो की जड भाड्याने काम बाहेर जातं. पण अनामतीला माझा विरोध नाही. नीट वागणाऱ्याला ती परत मिळते, म्हणजे खर्च शून्य. आणि न्यूझीलंडचंच सांगायचं तर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं हॉबिटन हे सरकारी जमिनीवर नाही, मेंढ्यांच्या खाजगी फार्मवर आहे. लष्कराच्या मदतीने रस्ता काढून पहिला सेट उभारला तो तात्पुरता. पुढच्या चित्रपटांच्या वेळी तो कायमचा बांधला गेला आणि आज त्यावरच पर्यटनाचा धंदा चालतो. जमिनीला मालक होता, त्याला काय मागायचं ते कळत होतं. डोंगराच्या वतीने मागणारा टेबलापलीकडे कोण बसलेला असतो, हा प्रश्न मलाही पडतो.

कलम_क्रमांक

ब्रिटनमध्ये नॅशनल ट्रस्ट ही १८९५ पासूनची धर्मादाय संस्था आहे. जुनी घरं, बागा, किनाऱ्याचे मैलोनमैल पट्टे तिच्या ताब्यात. चित्रीकरणासाठी तिचा वेगळा विभाग आहे आणि त्यातून आलेले पैसे जतनाच्या कामाला लागतात. शेवटचा_बाक यांच्या एसीच्या शंकेला हे एक उत्तर. जो सांभाळतो त्याच्याच खात्यात पैसे गेले तर तो सांभाळेल. तिजोरीत सगळं एकत्र पडलं की पावती फाडणाऱ्याला माळ बघायला जायचं कारणच उरत नाही.

अशा नियमांचा मसुदा करायचाच असेल तर मी मदत करेन. पण "जागा पूर्ववत करून दिली" हे पत्र युनिटकडून घ्यायची पद्धत आधी बंद करा. पाहणी तिसऱ्याने करावी आणि एक पाहणी पावसाळा उलटल्यावर व्हावी. अनामतीचा काही भाग तोपर्यंत अडकवून ठेवायचा.

बोलका_पोपट

पावसाळा उलटेपर्यंत? निर्माता तोवर कंपनी बंद करून पळालेला असतो.

कट_टू

म्हणूनच आधी घ्यायची. अनामत हातात असली की पळणाऱ्याचं नुकसान. आणि हो, हे आमच्या लोकांना आवडणार नाही, माझं नाव सांगू नका.

पाणकावळा

मसुद्यात माझ्यातर्फे दोन गोष्टी घाला. विणीच्या काळात अर्जच घ्यायचा नाही, कितीही पैसे दिले तरी. आणि दोरी कुठपर्यंत व किती वाजेपर्यंत, हे परवान्यावर छापून तो दोरीपाशी टांगायचा. रिकामी_होडी यांचा सूर्योदय चुकला तो भाड्यावाचून नव्हे, त्या पोराला खरी वेळ सांगायची मुभा नव्हती म्हणून.

रिकामी_होडी

आजचा ताजा अनुभव. त्या तलावावर पुन्हा गेलो होतो. सूर्योदय मिळाला. दोरी बांधली होती त्या झाडाला खिळे ठोकलेत, सात मोजले. एकावर अजून फ्लेक्सचा तुकडा आहे. हे खिळे त्याच युनिटचे की आधीच्या कुणाचे, हे मला सिद्ध करता येणार नाही, कारण आधीचा फोटो कुणाकडेच नाही. म्हणून अख्ख्या काठाचे फोटो काढले, एकशे चाळीस झाले. झाडं, पायऱ्या, चिखलाची जागा, सगळं. तारखेसकट जपून ठेवलेत. यापुढचा खिळा मला ओळखता येईल.

खिडकीतलं_ऊन

आजी सापडली!

कट_टू

काका, त्याच तलावावर पुढच्या आठवड्यात आमची रेकी, म्हणजे जागेची पाहणी, आहे. खरंच. शूटिंगची तारीख ठरली की कळवतो. पॅकअपला टॉर्च घेऊन या. मी गाडी थांबवतो.